कापसाचे बोंड आणि जवसाची बोंडी

(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



परिसर अभ्यासातील एखादा पाठ कसा घ्यावा, याविषयी मी आज चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. कोणता पाठ घ्यावा, हे मात्र माझ्यावर सोपविले होते. येथे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पऱ्हाटी उभी होती आणि बोंडे फुटू लागली होती. एका शेतकरीदादांना विचारून मी चार बोंडे घेतली. दोन फुटलेली, दोन हिरवी. ती या टेबलावर आहेत. शेजारच्या डबीत जवसाच्या वाळलेल्या बोंड्या आहेत; त्या गेल्या रब्बीत जपून ठेवल्या होत्या. आजचा पाठ एवढ्याच साहित्यावर घ्यावयाचा आहे.

प्रारंभी मी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी अध्यापक विद्यालयातून नुकताच बाहेर पडून कापूस पिकविणाऱ्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. माझे बालपण शहरात गेलेले. चाचणीत मी प्रश्न घातला, ‘कापसाच्या फुलाचा रंग कोणता?’ माझ्या मनातील उत्तर होते, ‘पांढरा’. वर्गाने तसेच लिहिले. एका मुलीने मात्र लिहिले, ‘पहिल्या दिवशी पिवळट, दुसऱ्या दिवशी गुलाबी.’ मी त्यावर लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पळसाच्या पानात दोन फुले घेऊन आली. एक पिवळट, एक गुलाबी. काही न बोलता तिने ती माझ्या टेबलावर ठेवली. मी काय करावयास हवे होते, हे आपण सर्व जाणता. मी मात्र म्हणालो, ‘वर्गात कचरा आणू नये.’ वर्ग हसला. मी शेतात जाऊन पाहिले, तेव्हा तिचेच खरे निघाले. परंतु तोवर वेचणीचे दिवस आले होते. ती शाळेत येईनाशी झाली, आणि परत आली तेव्हा पुन्हा कधी तिने उत्तर देण्यासाठी हात वर केला नाही. ती फुली मी खोडली नाही. ते ओझे आजही माझ्याकडे आहे.

आपण ज्याला कापसाचे पांढरे फूल म्हणतो, ते फूल नव्हेच. ते फुटलेले फळ आहे. फूल दीड-दोन महिन्यांपूर्वीच उमलून गळून गेलेले असते. ही गोष्ट शेतमजुराच्या मुलाला ठाऊक असते आणि पुष्कळदा शिक्षकाला ठाऊक नसते. शहाणी माणसेही यात फसली आहेत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले, की हिंदुस्थानातील रानटी झाडांना लोकर लागते. पुढे मध्ययुगीन युरोपात, झाडाला मेंढीचे कोकरू लागते अशी कथा पसरली. ज्यांनी बोंड कधी हातात घेतले नव्हते, त्यांनी बोंडाऐवजी कोकराची कल्पना केली. पाठ नुसता ऐकून पुढे सांगितला, म्हणजे असेच घडते.

तेव्हा आता बोंडाकडे वळू.

झाडावर प्रथम पाती लागते. तीन झालरदार हिरव्या पानांनी ती झाकलेली असते. साधारण तीन आठवड्यांनी तिचे फूल सकाळी उमलते. देशी कापसाचे फूल बहुधा पिवळे, अमेरिकन जातीचे व आजच्या बहुतेक संकरित वाणांचे फिकट पिवळट. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते आणि नंतर सुकून गळते. मागे राहते ते लहानसे हिरवे बोंड. ते पूर्ण वाढून फुटावयास फुलाच्या दिवसापासून सुमारे पन्नास दिवस लागतात. थंडी वाढली म्हणजे अधिक.

हे हिरवे बोंड आडवे कापून पाहा. आत कप्पे दिसतात. देशी जातीत बहुधा तीन किंवा चार, अमेरिकन जातीत चार किंवा पाच. प्रत्येक कप्प्यात सहा ते नऊ बिया; त्याच आपल्या सरक्या. हिरव्या बोंडातील कापूस ओला आणि चिकट असतो व संत्र्याच्या फोडीसारखा घट्ट बसलेला असतो. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला एक केस, आणि तो संपूर्ण केस म्हणजे एकच पेशी. आपल्या डोळ्यांना दिसणारी, बोटांत धरता येणारी, इंचभर लांबीची ही एक पेशी! सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या शाळेत पेशी दाखवावयाची असेल, तर याहून सोपे साधन मिळणार नाही. एका सरकीवर असे हजारो केस असतात. फूल उमलते त्याच दिवशी त्यांची वाढ सुरू होते. पहिले सुमारे तीन आठवडे ते लांब होतात. पुढील तीन-चार आठवड्यांत आतून थरावर थर बसून त्यांना बळकटी येते. या दुसऱ्या काळात झाडाला पाणी कमी पडले किंवा कीड लागली, तर कापूस दिसावयास पांढरा, परंतु कच्चा निघतो.

बोंड पक्व झाले म्हणजे टरफल वाळते, आक्रसते आणि प्रत्येक कप्प्याच्या मध्यावर उभे तडकते. बंद जागेत दबलेले तंतू वाळता वाळता पोकळ नळीसारखे चपटे होतात आणि स्वतःभोवती पीळ घेतात. हा नैसर्गिक पीळ आहे म्हणून एक तंतू दुसऱ्यात अडकतो, आणि म्हणूनच सूत कातता येते. टकळीवर सूत कातणाऱ्या आपल्या आजोबांच्या पिढीने याच पिळाचा उपयोग केला.

मुलांना आणखी दोन फळे दाखवावीत. रुईच्या झाडाच्या फळातून उडणारी ‘म्हातारी’ सर्वांनीच फुंकर घालून उडविली आहे. तिच्या बीला केसांचा झुपका एकाच टोकाला असतो. काटेसावरीच्या बोंडात कापूस असतो, परंतु तो बीला चिकटलेला नसतो, फळाच्या आतील भिंतीवर उगवतो. कापसाच्या बीला मात्र सर्वांगावर केस. तीन फळे शेजारी ठेवली आणि ‘केस कोठे उगवले आहेत?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तर पुढचा अर्धा तास मुले स्वतःच बोलतात. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे, म्हणून ते फळ शिक्षकांनी स्वतः हाताळावे.

ज्या दिवसांत बोंड मिळत नाही, त्या दिवसांत भेंडी कापावी. भेंडी ही कापसाची जवळची नातलग आहे. अंबाडी आणि जास्वंद याही त्याच कुळातील. भेंडीचा आडवा काप म्हणजे पाच खोल्यांचे घर. वेलावर विसरलेली काकडी सडते, पण झाडावर विसरलेली भेंडी वाळून पाच शिरांवर तडकते. का, ते मुलांना सांगू नये. कापसाचे बोंड पुढे ठेवून विचारावे.

आता या डबीतील जवस. काही भागांत त्याला अळशी म्हणतात. संस्कृत ‘अतसी’ या शब्दापासून ‘अळशी’ हा शब्द आला. त्याचे फूल निळे, पाच पाकळ्यांचे. सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या झडतात. निळ्यासावळ्या श्रीकृष्णाच्या वर्णाला आपल्या कवींनी या फुलाची उपमा दिली आहे. बारानंतर जवसाच्या शेतात मुलांना नेले, तर फूल न पाहताच परत यावे लागेल, हे ध्यानात असावे.

फुलामागून येणाऱ्या फळालाही बोंडच म्हणतात. वाटाण्याएवढे लहान म्हणून कुणी बोंडी म्हणतात. वनस्पतिशास्त्रातदेखील अशा वाळणाऱ्या, अनेक कप्प्यांच्या फळाला ‘बोंड’ हेच नाव आहे. ही बोंडी नखाने हळूच फोडा. आत पाच कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात मध्ये एक पातळ पडदा. म्हणजे दहा लहान खोल्या आणि प्रत्येक खोलीत एकच बी. एका बोंडीत दहाहून अधिक बिया असत नाहीत; पुष्कळदा कमीच असतात. बी चपटी, गुळगुळीत, तपकिरी. तिच्यावर एकही केस नाही. थोडे दाणे पाण्यात टाकले, तर काही वेळाने त्यांभोवती बुळबुळीत थर चढतो. हाही प्रयोग वर्गात वाटीभर पाण्यात होतो.

येथे आपल्यापैकी पुष्कळांचा एक गैरसमज दूर करावयाचा आहे. जवसापासून कापड होते, हे आपण वाचलेले असते. लिनन ते हेच. कापसाचे कापड बोंडातून येते, म्हणून जवसाचेही बोंडीतून येत असेल, असे आपण धरून चालतो. तसे नाही. जवसाचा धागा खोडाच्या सालीतून निघतो. खोडे उपटून पाण्यात किंवा दवात कुजवितात, मग धागे सुटतात. आपल्याकडे अंबाडी पाण्यात भिजवून तिचे वाख काढतात, तोच हा प्रकार. प्राचीन इजिप्तमधील मृतदेह ज्या कापडात गुंडाळीत, ते याच धाग्याचे. धाग्यासाठी लावलेला जवस उंच, सरळ, थोड्या फांद्यांचा. तेलासाठी लावलेला बुटका आणि पुष्कळ फांद्यांचा, कारण फांद्या अधिक तितकी बोंडे अधिक. आपल्या महाराष्ट्रात होतो तो हा दुसरा. पूर्व विदर्भात उभ्या धानाच्या बांध्यांत उतेरा पद्धतीने तो पेरतात. त्याच्या बियांचे तेल हवेत वाळून पापुद्रा धरते, म्हणून ते रंग व वार्निश यांत वापरतात; आणि चटणी तर आपण घरोघरी खातोच.

एका बोंडाचे धन बीच्या बाहेर, दुसऱ्याचे बीच्या आत. त्यामुळे शेतकऱ्याने दोघांकडून मागितले तेही उलट. कापसाचे बोंड पूर्ण फुटावे, पण कापूस खाली गळू नये, असे त्याला हवे. जवसाची बोंडी मात्र फुटूच नये, असे त्याला हवे. फुटली तर बारीक दाणा मातीत जातो. रानटी जवसाची बोंडी पिकल्यावर उकलते आणि बिया विखुरतात. माणसाने हजारो वर्षे न उकलणाऱ्या बोंड्यांचेच बी पुन्हा पुन्हा राखून ठेवले, म्हणून आज शेतातील जवसाची बोंडी बंद राहते किंवा जेमतेम चिरते, आणि खळ्यावर झोडपल्यावर दाणा देते. ज्या शेतकऱ्यांनी हे केले, त्यांच्यापाशी शास्त्राची पुस्तके नव्हती. पाहण्याची सवय होती.

आपल्या भूमीत हे दोन्ही धागे किती जुने आहेत, तेही मुलांना सांगण्याजोगे आहे. १९२० नंतरच्या दशकात मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला; तो कापसाचा असल्याची खात्री मुंबईत माटुंगा येथील प्रयोगशाळेत टर्नर व गुलाटी यांनी केली. महाराष्ट्रात नेवासे आणि घोड नदीकाठचे चांडोली येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत तांब्याचे मणी मिळाले. मण्यांच्या छिद्रांत ओवलेल्या धाग्याचे अंश शिल्लक होते; नेवाशाच्या धाग्यात कापूस, तर चांडोलीच्या धाग्यात जवसाचा तंतू आढळला. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांत कुणीतरी बोंड वेचले होते आणि कुणीतरी जवसाचे खोड कुजविले होते.

आता वर्गातील योजना. कापसाची पाती, फुले व बोंडे पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत पाहता येतात. जवस त्यानंतर रब्बीत फुलतो आणि फाल्गुनाच्या सुमारास काढणीस येतो. म्हणजे शाळेचे वर्ष दोन्ही बोंडांना पुरते.

पहिली-दुसरीच्या मुलांनी कप्पे मोजावेत, सरक्या मोजाव्यात, बोंडाचे चित्र काढावे. तिसरी ते पाचवीच्या मुलांनी उमललेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून तारीख लिहावी आणि बोंड फुटेपर्यंतचे दिवस मोजावेत. दर आठवड्यास एक ओळ लिहिली, तरी पन्नास दिवसांत मुलाचे स्वतःचे असे एक टिपण तयार होते, आणि ते कोणत्याही पुस्तकातून उतरविता येत नाही. वरच्या वर्गांनी प्रत्येकी पाच बोंडांतील सरक्या मोजून सरासरी काढावी. एका बोंडातील रुई हाताने सरकीपासून सोडवावी आणि दोहोंची वजने ताडून पाहावीत. वजनाचा सुमारे तिसरा भाग रुईचा आणि उरलेला सरकीचा, असे साधारणतः दिसून येईल.

आणखी एक उदाहरण फळ्यावर घालावे. एका बोंडात सुमारे ४ ग्रॅम कापूस धरला, तर एक किलो कापसासाठी २५० बोंडे वेचावी लागतात. आईने दिवसभरात २० किलो कापूस वेचला असेल, तर तिचा हात किती बोंडांना लागला? उत्तर येते ५,०००. मी हे उदाहरण एका शाळेत घातले, तेव्हा उत्तर काढल्यानंतर वर्ग काही वेळ अगदी शांत होता. मग एक मुलगा म्हणाला, ‘म्हणून आईची बोटे ओरखडलेली असतात.’ वाळलेल्या टरफलाची टोके किती बोचरी असतात, ते मी त्या दिवशी पुन्हा एकदा हात लावून पाहिले.

किडीचा विषयही टाळू नये. गुलाबी बोंडअळी लहानपणीच हिरव्या बोंडात शिरते आणि तिचे प्रवेशाचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. आत ती सरकी खाते. फुलात अळी असली, म्हणजे पाकळ्या नीट उमलत नाहीत. त्या मिटलेल्या फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंडअळीपासून संरक्षण देणाऱ्या बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. परंतु गुलाबी अळीने पुढे त्यालाही दाद दिली नाही, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात फार मोठे नुकसान झाले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. आपल्या वर्गातील मुले याच घरांतून येतात. तेव्हा काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. मालकाला विचारल्यावाचून शेतात जाऊ नये. नुकतीच फवारणी झालेल्या शेतातील बोंड घेऊ नये. पेरणीसाठी औषध लावलेले रंगीत बियाणे मुलांच्या हाती देऊ नये. पाठ संपल्यावर साबणाने हात धुवावेत. हे हात धुणे हासुद्धा पाठाचाच भाग समजावा.

शेवटचा मुद्दा उपस्थितीचा. वेचणीच्या दिवसांत पट आणि हजेरी यांत अंतर पडते, हे आपण दरवर्षी अनुभवतो. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा शाळेवर हक्क आहे. त्यामुळे बोंडाचा पाठ म्हणून मुलांना वेचणीस लावणे सर्वथा गैर आहे. ती सुटीच्या दिवशीही शाळेची योजना होऊ शकत नाही. परंतु आठ दिवसांनी परत आलेल्या मुलाला वर्गात उभे करून ‘कोठे होतास?’ असे दरडावणेही तितकेच गैर आहे. पालकांची भेट आपण घ्यावी, अडचण समजून घ्यावी आणि मूल शाळेत आणावे. मुलाला मात्र एवढेच विचारावे, ‘तुझ्या दोरा बांधलेल्या बोंडाचे काय झाले?’ ज्या शाळेत आपले बोंड आपली वाट पाहत आहे, त्या शाळेत मूल परत येते, असा माझा अनुभव आहे.

बंधुभगिनींनो, आपणांस सर्व काही माहीत असलेच पाहिजे, असा दंडक कोठेही नाही. मध्यंतरी एका द्विशिक्षकी शाळेत मी पाठ पाहत बसलो होतो. एका मुलाने विचारले, ‘जवसाची बोंडी फुटत का नाही?’ बाई क्षणभर थांबल्या. अधिकारी मागे बसलेला आहे, हे त्यांना दिसत होते. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मला ठाऊक नाही. उद्या तुझ्या घरची एक बोंडी आण, आपण मिळून पाहू.’ मी त्या दिवशीच्या शेरेबुकात तो प्रश्न आणि ते उत्तर जसेच्या तसे उतरवून घेतले. तीस वर्षांपूर्वी पळसाच्या पानातील दोन फुलांपुढे मला जे जमले नाही, ते त्या बाईंनी सहज केले होते.

ही बोंडे आणि बोंड्या येथेच ठेवून जात आहे. चहापूर्वी प्रत्येकाने एक तरी उघडून पाहावी, कप्पे मोजावेत, आणि उद्या आपल्या वर्गात मुलांच्या हाती द्यावी. एखाद्या मुलाचे उत्तर आपल्याहून निराळे आले, तर लाल शाईचे पेन उचलण्यापूर्वी त्याला विचारावे, ‘तू कोठे पाहिलेस? मलाही दाखव.’